क्रियापदाचं शेपूट

डॉक्टर पुण्याचे. आठवड्यातून एकदा, गुरुवारी.
खोली नंबर नऊ. वरती ट्यूबलाइट,
जिचा आवाज त्यांना ऐकू येत नाही
आणि मला दुसरं काही ऐकू येत नाही.
"कसा आलास?"
मी म्हटलं, "केएमटीनं आलो."

फाईलवर उमटलं:
स्वतःविषयी पुल्लिंगी बोलतो.
लिंगओळख अनिश्चित. कारण, ऑटिझम.
खाली सही, लांबलचक शेपटाची.

त्यांना कोण सांगणार,
सुभाषनगरात आमची आख्खी गल्ली 'आलो' म्हणती.
आई म्हणती, "भाकरी टाकून आलो."
बकुळामावशी सहा लेकरांची,
तरी "मी बाळंत झालो तवा" पासून सुरुवात.
त्यांच्या बाईपणाचा दाखला
कुठल्या खिडकीवर मागत नाहीत.

त्या गुरुवारपासून माझी क्रियापदं बिनशेपटाची.
मी पाहिलं. मी ऐकलं. मी सही केली.
मी येईन. मी थांबेन.
भविष्यकाळ बरा,
तिथला फॉर्म अजून छापलेला नाही.

राजारामपुरीत ऑटिझमचं केंद्र.
खुर्च्या गुडघ्याएवढ्या, भिंतीवर ससे.
"अठरापर्यंतच घेतो आम्ही," बाई म्हणाल्या,
आणि मग माझ्या नखांकडे बघून,
"बाकीच्या पालकांना काय सांगायचं हो?"
माझं वय एकोणतीस.
माझे पालक दुकानात, कापशीला वेणी घालत.

मग आमच्या मैत्रिणींची संस्था.
चंदाक्कांनी दारातच मिठीत घेतलं.
माया खरी होती.
अत्तर, माईक, ढोलकी, तेवीस जणींचं हसू,
सगळं एकदम, एकाच कातडीवर.
मी जिन्यात बसून माझ्या चपलेच्या वेणीचे पेड मोजले,
पुन्हा मोजले.
"मिजास बघ की," वरून कुणीतरी.
पुढच्या महिन्यात बोलावणं नाही.
चूक कुणाची, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सरकारी खिडकी एक: आधी तो दाखला आणा.
खिडकी दोन: आधी हा.
दोन्ही कागदांवर एकच माणूस असू शकतं
हे संगणकाला मान्य नव्हतं.

सायरा मुजावर. कंत्राटी, तीन महिन्यांचा पगार थकलेला.
तिनं आदल्या दिवशी प्रश्न लिहून पाठवले, अकरा.
पहिला: तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारू?
मालन.
त्यात एकही अक्षर टोचत नाही.

तिनं ट्यूब बंद केली. खिडकीकडं तोंड करून बसू दिलं.
माझं उत्तर यायला चार मिनिटं लागली की
ती चार मिनिटं स्टेपलरात पिना भरायची.
जबाब लिहिताना एका जागी तिचं पेन थांबलं.
"मी कार्यालयात आ...
पुढं काय लिहू?"
विचारलं. एवढंच.

मी तिला गल्लीतलं सांगितलं, पुण्याच्या डॉक्टरांचंही.
ती इतकी हसली की शिपाई डोकावून गेला.
"आमच्या अम्मीचं पण तसंच. परवा म्हणती, दवाखान्याला जाऊन आलो."
मग माझ्याकडं न बघता, कारण मला ते चालत नाही, तिनं लिहिलं:
आले.
"कागदाला शाळेतलं मराठी लागतं," म्हणाली.

अर्ज परत आलाच. फोटोवरचा शिक्का अर्धा.
पुन्हा गुरुवार.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं.
आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात,
आणि त्याला शेपूट असतं,
म्हणून कितीतरी दिवस
मी कुठल्याच कचेरीचा निरोप घेतला नव्हता.
उठायचं आणि सरळ दार.
उद्धट, असंही कुठल्यातरी फाईलीत असेल.

त्या दिवशी उंबऱ्यात, अंगठा चपलेत सरकवताना,
अगदी आईच्या सुरात,
"येतो गं, सायरा."

ती पिनाच भरत होती.
"ये की गं, मालन."